अडीच वाजताचा थिल्लरपणा

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून नोंद ठेवायची. तोंडी तक्रार केली की लोक 'बरं बरं' करून बोळवण करतात. लेखी, तारीखवार आणि पानं भरून दिली की त्यांना निदान फाइल तरी उघडावी लागते. म्हणून ही वही.

विषय: सार्वजनिक रेडिओवर सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीच ते दोन-पन्नास चालणारा 'रंगीत दुपार' नावाचा प्रकार. कोणत्या गायकाचे चाहते काय करतात, कोणतं गाणं पोरांच्या तोंडी आहे, कोणत्या मालिकेतली नटी शेवटी मरायला नको होती, असल्या गोष्टींवर वीस मिनिटं चर्वितचर्वण. गेली कित्येक वर्षं या वेळेला शास्त्रीय गायन लागायचं. दादा निवृत्त झाल्यावर मी कामावरून थेट त्याच्याकडे जायचे आणि आम्ही भाऊ-बहीण पुढच्या खोलीत डोळे मिटून ते ऐकायचो. वहिनी स्वयंपाकघरात असायच्या. गेल्या जूनमध्ये दादा गेला आणि सप्टेंबरात रेडिओवाल्यांनी गायन उचलून त्या जागी हे आणून बसवलं.

दादा गेल्यावर मी माझी भाड्याची खोली सोडून वहिनींकडे राहायला आले. बाईमाणसाने एकटं कसं राहायचं, असं सगळे म्हणाले. दोघींपैकी कोणाबद्दल म्हणाले ते कोणीच स्पष्ट केलं नाही.

वहिनी हा कार्यक्रम रोज ऐकतात. मोठ्याने. आणि आवडीने.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एका गाणाऱ्या टोळक्याने केस निळे केले, म्हणून त्यांच्या चाहत्यांनीही केले. त्यात एक शाळेची मुख्याध्यापिका होती. निवेदिकेने हे कौतुकाने सांगितलं आणि खिदळली. एकूण अकरा वेळा खिदळली, मी मोजलं. तिचं नाव इथे लिहिण्याची गरज नाही, 'खिदळी' एवढं पुरे.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकलं. आत बसले असते तर वहिनींना वाटलं असतं, मला आवडतंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यांतून ठसे येतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचे जबडे करतो, मेणात दात रोवतो, मग पक्की कवळी ओतून घासूनपुसून परत पाठवतो. एकतीस वर्षं झाली. आठ ते दोन माझी वेळ. आज मालक म्हणाले, एका म्हाताऱ्याची खालची कवळी तातडीची आहे, तीनपर्यंत थांबा. मी साफ नाही म्हटलं. एक दिवस जरी चुकला तरी उद्या रेडिओवाले म्हणतील, नोंद अपुरी आहे.

आमच्याकडे जो पॉलिशचं काम करतो तो म्हणाला, "बाई, अलीकडे तुम्ही दोन वाजले की गाडी सुटल्यासारख्या पळता." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सहा वर्षांत हा माणूस एकही कामाचं वाक्य बोललेला नाही.

अडीचला दोन मिनिटं असताना पोचले. धाप लागल्यामुळे स्टुलावर बसावं लागलं. ते स्टूल स्वयंपाकघरात होतं, त्याला माझा इलाज नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हद्द झाली. आजचा विषय 'मखमल'. हे एका माणसाचं टोपणनाव आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो हलकीफुलकी गाणी म्हणायचा, आवाज म्हणे मखमलीसारखा. दहा वर्षं गायला आणि अचानक सोडून दिलं. एवढं शहाणपण इतर गायकांना लवकर येत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

वहिनी या मखमलच्या चाहत्यांच्या मंडळात आहेत. एकूण नऊ बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत त्याचा फोटो होता. घरात सगळे हसलो होतो. दादा त्याला 'माझी सवत' म्हणायचा आणि आई डोळ्याला पदर लावून हसायची. त्यावर मी एक नक्कल बसवली होती, मखमल सर्दी झाल्यावर कसा गाईल याची. पाहुणे आले की मला ती करायला लावायचे. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि ट्रे ठेवून आत जायच्या. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. मुळात स्वभाव शांत.

खिदळीने सांगितलं की मखमलने गाणं सोडलं ते वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. वहिनी हातातली सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "चौतिसाव्या." मी लगेच टिपून घेतलं. चूक क्रमांक बेचाळीस.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वाजून वीस मिनिटांनी रेडिओ बंद पडला. वहिनींनी दोनदा थापट्या मारल्या आणि म्हणाल्या, राहू दे आता, उद्या दुकानात दाखवू. राहू दे म्हणून कसं चालेल? मागचं झाकण काढलं, आत तार निखळली होती. माझ्याकडे मेण कोरायची सुरी आणि तापवायचा दिवा असतोच, त्यावर कथलाचा जुना डाग वितळवून तार बसवली. दोन-एकतीसला आवाज आला. एक मिनिट गेलं, त्याची नोंद 'ऐकता आले नाही' अशी केली आहे.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डब्यातून दोन बिस्किटं काढून माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, हे मी पुराव्यासाठी करते आहे. त्या म्हणाल्या, "हो वन्सं, माहितीय मला."

आजचा विषय, लोक आवडत्या गायकाच्या शेवटच्या कार्यक्रमाला का रडतात. एका ट्रकचालकाने फोनवर सांगितलं की तो स्वतःच्या लग्नात रडला नाही, पण तिथे रडला. मूर्खपणाचा कळस. हे मी संध्याकाळी वहिनींना तीनदा सांगितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र पुरं झालं. सदतीस पानं, दोन्ही बाजूंनी. एकूण चुका एकशे अठरा. त्यातल्या वर्षांच्या चुका मी वाचनालयात जाऊन जुन्या मासिकांवरून ताडून घेतल्या. त्यासाठी दोन शनिवार गेले. वाचनालयातली बाई म्हणाली, मखमलवर एवढा अभ्यास करणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही, तुम्ही पुस्तक लिहिताय का? कोणाला काय वाटेल याचा नेम नाही.

शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: 'गंभीर श्रोत्यांचा हक्काचा वेळ हिरावून तो उथळ लोकांच्या करमणुकीस देणे ही सार्वजनिक पैशाची नासाडी आहे.' वाचून दादा खूश झाला असता.

टपालात टाकलं. वहिनींना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

२ मार्च, सोमवार

पत्र गेलं, म्हणजे आता ऐकायची गरज नाही. तरीही ऐकलं. उत्तर येईपर्यंत नोंद चालू ठेवलेली बरी.

१२ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. 'आपल्या अभिप्रायाची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून, सदर कार्यक्रम ३१ मार्चनंतर बंद करण्याचा निर्णय झाला आहे.' खाली सही आणि शिक्का.

एकतीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू केल्या, पण माझ्या शब्दाने एखादी गोष्ट हलली असं आजवर झालं नव्हतं. जिंकले. संध्याकाळी जेवावंसं वाटलं नाही. दुपारची बिस्किटं बाधली असणार.

१३ मार्च, शुक्रवार

खिदळीने आज स्वतःच सांगितलं, महिनाअखेरीस आपला निरोप. पुढे खिदळली नाही. लगेच गाणं लावलं.

वहिनी ताटली पुसत होत्या. गाणं संपेपर्यंत तीच ताटली पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. सहा महिने मिळालं." आणि ताटली फडताळात ठेवून दिली. त्यांच्या मंडळातल्या बायकांचे फोन येत राहिले. प्रत्येकीला त्या समजावत होत्या, अगं, कोणाला तरी नको असेल, सगळ्यांचाच रेडिओ आहे.

नको असणाऱ्या त्या कोणाबद्दल वाईट अक्षर नाही. हा त्यांचा जुना खाक्या. समोरच्याला भांडायलासुद्धा जागा ठेवत नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

आज रजा टाकून रेडिओ केंद्रावर गेले. पश्चात्ताप वगैरे काही नाही. उत्तरातला 'अभिप्राय' हा शब्द मला खटकला होता. माझी ती तक्रार होती. एवढंच विचारायचं होतं.

लांबलचक पडवीसारखा बोळ, दोन्ही बाजूंना जाड दारं. एका खोलीत कार्यक्रम अधिकारी बसले होते. त्यांनी माझं पत्र काढलं. त्याला वेगळी फाइल केली होती, आत पानोपानी चिठ्ठ्या लावलेल्या. मी विचारलं, इतर तक्रारी किती आल्या. ते म्हणाले, "हीच. कार्यक्रम सुरू झाल्यापासून आलेलं हे एकमेव पत्र. दुसरं बाजूनेही नाही, विरुद्धही नाही. वरच्यांनी विचारलं, ऐकतं का कोणी? माझ्याकडे दाखवायला एवढंच होतं."

मी म्हटलं, ऐकतात की. ट्रकचालक ऐकतात. आमच्याकडे नऊ बायका ऐकतात. ते म्हणाले, त्यांनी लिहायला हवं होतं. मग पानं चाळत म्हणाले, "खरं सांगू, बाई, इतकं कान देऊन आमचं शास्त्रीय गायनसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं."

मी विचारलं, पत्र परत घेता येतं का. त्यांनी मान हलवली. निर्णय कागदावर चढला होता.

बाहेर येताना कोपऱ्यातल्या बाकावर एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई डब्यातलं गार जेवण जेवत होती. अधिकाऱ्यांनी ओळख करून दिली. खिदळी. मला वाटलं होतं पंचविशीची असेल. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पत्रातल्या तुम्ही? मखमलचं वय तुमचं बरोबर आहे, चौतीस. मी सोमवारी सुधारणार होते, पण सर्दीने आवाज बसला." मग म्हणाली, तुम्ही लिहिलंय मी फार हसते. काय होतं, त्या खोलीत समोर कोणीच नसतं, तेव्हा कोणीतरी आहे असं धरून चालावं लागतं.

'जेवा तुम्ही' एवढंच म्हणून निघाले.

१८ मार्च, बुधवार

आज वहिनींना सांगितलं. लपवण्यासारखं काही केलेलं नाही, मग लपवायचं कशाला? दोन-पन्नास झाल्यावर रेडिओ बंद केला आणि म्हटलं, "वहिनी, तो कार्यक्रम माझ्या पत्रामुळे बंद होतोय."

त्यांनी विचारलं, किती पानांचं होतं. मी म्हटलं, सदतीस. त्यांनी टेबलावरचं फडकं उचललं, चार घड्या घातल्या, पुन्हा उलगडलं.

"रोज माझ्याशेजारी बसून ऐकत होतात ते यासाठी?"

"मी पहिल्यापासून सांगत होते, पुराव्यासाठी म्हणून."

"सांगत होतात. मीच मूर्ख. मला वाटलं, तुम्हाला नुसतं कबूल करायला जड जातंय."

फडकं त्यांनी टेबलावर ठेवून दिलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते आहे, म्हणजे पुढे मला त्याचा समाचार घेता येईल.

"हे मी सांगणार नव्हते, वन्सं. ते दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही संध्याकाळी यायचात. तुमचं ते गायन लावून द्यायचात आणि तासभर डोळे मिटून बसायचात. तुम्ही जिना उतरलात की ते म्हणायचे, आता हिचं बंद कर आणि तुझं लाव."

"दादा म्हणायचा?"

"तुमचे दादा. पहिल्या दिवशी मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतायत. मी लावलं नाही. तर चिडले. मग फोनवर लावून उशीजवळ ठेवला. शेवटचे नऊ दिवस रोज. मखमलचं एकच गाणं."

मी विचारलं, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं होतं, तिला बोलू नकोस. दोन बस बदलून येते ती, तिला वाईट वाटेल."

उठून आत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

१९ मार्च, गुरुवार

खोटं आहे.

राग आला म्हणून रचून सांगितलं. माणूस रागात काहीही बोलतो. दादाने मला वयाच्या नवव्या वर्षी समोर बसवून स्वर ओळखायला शिकवलं होतं. तो असल्या गाण्याला 'साखरेचं पाणी' म्हणायचा. तो माणूस बदलेल कसा?

२० मार्च, शुक्रवार

वहिनी स्वयंपाक करतात, वाढतात, हवं नको विचारतात. बोलत नाहीत. अडीचला रेडिओ लावला नाही. कार्यक्रम अजून चालू आहे, तरी लावला नाही. मी स्टुलावर बसले होते, ती उठले.

२१ मार्च, शनिवार

एक गोष्ट आठवते आहे. तिचा या सगळ्याशी संबंध असेलच असं नाही.

दवाखान्यात एका संध्याकाळी मी चष्मा विसरले होते. बसथांब्यावरून परत फिरले, जिना चढले. दादाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून गाणं ऐकू येत होतं. माझं नव्हतं. मला वाटलं, शेजारच्या खाटेवरच्याने रेडिओ लावला असेल, आणि राग आला, की इथे माणूस आजारी आहे आणि लोकांना थिल्लरपणा सुचतो. मी आत शिरले तेव्हा गाणं थांबलेलं होतं. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. दादाने माझ्याकडे बघून डोळे मिटले, जसा तो चांगली जागा ऐकताना मिटायचा. चष्मा घेऊन मी निघाले.

शेजारची खाट त्या आठवड्यात रिकामी होती. मीच तिच्यावर माझी पिशवी ठेवत असे.

२४ मार्च, मंगळवार

मालक म्हणाले, दोन कवळ्यांचे दात वाकडे बसलेत, असं तुमच्या हातून कधी होत नाही. खरं आहे, होत नाही. मेण जुनं होतं असं सांगितलं.

मी चिडले आहे. कोणावर ते ठरवायचं आहे. वहिनींनी सांगायला नको होतं. दादाने असं करायला नको होतं. करायचंच होतं तर उघड करायचं. माझ्यासमोर तो तासभर डोळे मिटून सोसत पडायचा, आणि मी मात्र घरी जाताना समाधानाने बसमध्ये बसायचे, की आज त्याला गाण्याने बरं वाटलं. एवढी मी कोण लागून गेले होते, की मरणाऱ्या माणसाने माझी मर्जी सांभाळावी?

नक्कल करायला लावायचे तेव्हा तोही हसायचा. सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. तो माझ्यासाठी हसत होता की खरंच, आता कोणाला विचारायचं?

२७ मार्च, शुक्रवार

वहिनी आज बोलल्या. म्हणाल्या, मंडळाच्या बायकांनी पत्रं टाकली, पण उशीर झाला, अधिकाऱ्यांनी नम्रपणे नाही कळवलं. शेवटच्या दिवशी श्रोत्यांचे फोन घेणार आहेत. मीही फोन करणार आहे. एवढं सांगून त्या थांबल्या. मी काहीतरी म्हणावं अशी जागा होती. मी म्हटलं, "करा की." मला तुसडेपणाने म्हणायचं नव्हतं, पण गळा एकाच पद्धतीने वळलेला आहे.

ते गाणं कोणतं, हे विचारायचं राहिलं. विचारलं म्हणजे मानलं असं होईल.

३१ मार्च, मंगळवार

आज दोन वाजता निघाले नाही. मालकांना म्हटलं, पाच वाजेपर्यंत थांबते, राहिलेले जबडे ओतून टाकते. घरी जाऊन वहिनींचा फोन त्यांच्यासमोर ऐकायची ताकद नव्हती. लिहायला हरकत नाही, ही वही आता कोणाला पाठवायची नाही.

अडीचला पॉलिशवाल्याने हात पुसले आणि खिशातून फोन काढून त्यावर रेडिओ लावला. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "तुम्ही रोज ज्याच्यासाठी पळता तेच ना हे? मी फेब्रुवारीपासून ऐकतो. बघावं म्हटलं, एवढं काय असतं." या माणसाला मी ओळखते असं उगाच समजत होते.

मी भांड्यात प्लास्टर कालवत होते. दुसराच फोन वहिनींचा. त्यांचा आवाज रेडिओवर वेगळा वाटतो, तरुण. खिदळीने विचारलं, गाणं कोणासाठी? वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरी एक ऐकणारे होते, त्यांच्यासाठी. आणि आमच्या वन्संसाठी. त्या सगळे भाग ऐकतात. त्यांच्याइतक्या चुका कोणी काढल्या नाहीत, पण एक दिवस चुकवला नाही. माझ्या सासरी चाळीस वर्षांत माझ्याशेजारी बसून हे कोणी ऐकलं नव्हतं." खिदळी हसली. या वेळी मी मोजलं नाही.

मग गाणं.

त्याबद्दल माझं मत असं. चाल साडेतीन सुरांची आहे. व्हायोलिनं गरजेपेक्षा दुप्पट. शब्दांत चंद्र दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याला काही काम नाही. गायक सुरुवातीला सुराच्या किंचित खाली लागतो. आणि दुसऱ्या कडव्यात त्याचा दम पुरत नाही, एका शब्दाच्या मधोमध तो श्वास घेतो. शिकवणीत असं केलं असतं तर दादाने मला पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं असतं. शेवटच्या दिवसांत दादालाही शब्दाच्या मधे थांबावं लागायचं. माझं नाव तो तीन तुकड्यांत घ्यायचा, आणि तिसरा तुकडा येईपर्यंत मी खाटेची दांडी धरून उभी असायचे.

भांड्यातलं प्लास्टर घट्ट झालं. ढवळायची पट्टी त्यात उभी राहिली. एवढं प्लास्टर मी एकतीस वर्षांत वाया घालवलेलं नाही. पॉलिशवाल्याने भांडं माझ्या हातून घेतलं आणि नव्याने कालवायला बसला.

साडेपाचला घरी पोचले. वहिनी पुढच्या खोलीत बसल्या होत्या, एरवी त्या तिथे बसत नाहीत. पायातलं काढता काढता मी म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात तो श्वास चुकतो."

वहिनी म्हणाल्या, "हो. तेवढंच ते पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे."